आर्चबिशपांना कांदे सोलायला धाडलं

चहा निवू द्या थोडा, तोवर सांगून टाकतो. मी एका आर्चबिशपांना तासभर कांदे सोलायला बसवलं होतं. खोटं वाटतं ना? रोह्याला जाऊन त्या चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात विचारा. तिथल्या बायका अजून हसतात.

मी पेणजवळच्या जोहे गावचा. आमच्याकडे घरोघरी गणपती घडतात. कुणी माती मळतं, कुणी साचे भरतं, कुणी रंग मारतं. मी डोळे आखतो. गेली तीस वर्षं फक्त डोळे. आणि डोळा आखताना माणूस जागेवर राहत नाही हो. ब्रश टेकला की पंख्याचा आवाज लांब जातो, शेजारचा बोलतो ते पाण्याखालून आल्यासारखं येतं. बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा मूर्तीशी बोललेलं बरं, ती निदान बघते तरी.

तर रोह्याच्या चर्चमधली मरियामातेची मूर्ती हलवताना पडली. आमच्या कारखान्यातल्या पोरांनी तिचा चेहरा नव्याने घडवून दिला, रंग लावला, आणि शेवटी डोळ्यांसाठी मला धाडलं. त्याच संध्याकाळी आर्चबिशप येऊन मूर्तीला आशीर्वाद देणार होते. आर्चबिशप म्हणजे कोण, ते मला तिथल्या फादर लुईसनी सांगितलं. हे लुईस तरुण, बिचारे सकाळपासून पळत होते. म्हणाले, "अनंतदादा, आम्हा सगळ्या फादरांच्या वरचे ते. पहिल्यांदाच येतायत आमच्याकडे. काही कमी पडलं तर मला तोंड दाखवायला जागा नाय."

सकाळी ते मुलांना शिकवत होते, आर्चबिशप समोर आले की गुडघा टेकायचा आणि त्यांच्या अंगठीला ओठ लावायचे. मी लांबून ऐकलं. छान वाटलं.

दुपारी फादर स्टेशनवर पाहुणे आणायला निघाले. जाताना माझ्याजवळ थांबले.

"दादा, नीट ऐका. मी नसताना दोघं येतील. एक साधे म्हातारे. पांढरा सदरा, पायात चपला. ते आर्चबिशप. त्यांना लवकर येऊन गप बसायची सवय हाय म्हणे, बसू द्या. दुसरा अंथोनी, मुंबईचा आचारी. जाडजूड हाय, कोट घालतो, बोटात मोठी अंगठी. त्याला लगेच स्वयंपाकघरात पाठवा, कांदे तसेच पडलेत."

"व्हय, व्हय," मी म्हणालो. त्या क्षणी मी मातेच्या डोळ्यांसाठी तपकिरी रंग कालवत होतो. फादरांचा शब्दन् शब्द डोक्यात शिरला. फक्त आत गेल्यावर दोघांची अदलाबदल झाली.

मग चर्चमध्ये मी एकटा. रंगीत काचांमधून ऊन खाली उतरलं होतं, फरशीवर निळे-लाल तुकडे हळूहळू सरकत होते. कुंडलिका नदीवरून वारा येई आणि मेणबत्त्यांचा वास हलवून जाई. मी डावा डोळा आखला. मातेनं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. किती वेळ गेला, देव जाणे. मान वळवली तर पहिल्या बाकावर पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा बसलेला, मांडीवर कापडी पिशवी.

"फार शांत नजर दिलीत," तो म्हणाला.

मी खूश झालो. म्हटलं आचारी असून जाण आहे. "आता आलात जणू?"

"झाला थोडा वेळ. तुम्ही कामात होता."

"बरं झालं बोलला नाहीत. वाटी धराल का जरा?"

त्यांनी रंगाची वाटी धरली. मी उजव्या डोळ्याला हात घातला आणि सहज गप्पा सुरू केल्या.

"किती वर्षं झाली या कामात?"

"चाळीसच्या वर गेली."

"सुरुवात कुठून?"

"पाड्यांवरून. बारा वर्षं डोंगरात पायी फिरलो."

"पाड्यांवर कसल्या पंगती? तिथं कोण वाढायला बोलावणार?"

म्हातारा हसला. "तिथं तेच मला वाढायचे. भाकरी, मिरची. कधी नुसतं पाणी, पण बसवून द्यायचे. लिहावाचायला शिकवायला गेलो होतो, मीच शिकून आलो."

"मग मोठी जागा मिळाली असेल?"

"मिळाली. त्या दिवशी रडलो."

"का बरं?"

"माणसांपासून लांब जायचं होतं ना. आता मोठ्या खुर्चीवर बसतो, लोक जवळ यायला घाबरतात."

मला वाटलं, हॉटेलात हेड कुक झाला असणार. "मालक कसा आहे?" मी विचारलं.

त्यांनी वेदीकडे बघितलं. "मालक फार चांगला. रोज बोलणं होतं. उत्तर मात्र त्याच्या सवडीनं देतो."

"सगळे मालक तसेच," मी म्हणालो. आणि मग, ऐका, मी म्हणालो, "चला, आता उठा तुम्ही. मागे स्वयंपाकघर आहे, कांदे पडलेत. ते आर्चबिशप पोचतील इतक्यात, अशी माणसं खोळंबलेली चालत नाहीत."

"मी जाऊ?" त्यांनी विचारलं.

"मग काय मी जाऊ?"

त्यांनी वाटी अलगद खाली ठेवली, पिशवी घेतली आणि गेले. मी परत डोळ्यात शिरलो.

उजवा डोळा पुरा होतो न होतो तोच दारात गाडी थांबली. एक जाडजूड गृहस्थ उतरले, अंगात काळा कोट, बोटात लखलखती अंगठी. मी ब्रश टाकला, धावत गेलो, गुडघा टेकला आणि अंगठीला ओठ लावले. गृहस्थ दोन पावलं मागे सरकले.

"अरे बाबा, काय करतोस? कांदे कुठे आहेत?"

माझे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस आणि आल्या आल्या कांद्यांची चौकशी. "महाराज, ते काम तुमचं नाही," म्हणत मी त्यांना वेदीजवळच्या सजवलेल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला, हातात शहाळं दिलं. ते उठले की मी हात जोडायचो, ते परत बसायचे.

फादर लुईस आले ते पाहुण्यांचा घोळका घेऊन. खुर्चीकडे बघून जागीच थांबले.

"अंथोनी, तू इथं काय करतोयस?"

"फादर, हा दादा उठूच देत नाय मला."

फादर माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू. "अनंतदादा, पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे आले होते का?"

तेव्हा माझ्या डोक्यातली ती अदलाबदल सरळ झाली. इतकी सावकाश, की मला ती होताना दिसली.

आम्ही मागे पळालो. स्वयंपाकघरात तिथल्या बायकांतली गुलाबबाई मोठ्या पातेल्यापाशी उभी होती. "फादर, ह्यो आजोबा हाताला लई हलका हाय. पहिलं जाड कापत होता, मी दोनदा बोलले, मग सुधारला." आणि पाटावर बसलेले आर्चबिशप, लाल डोळ्यांनी वर बघत म्हणाले, "दोनच राहिलेत, फादर. झालेच."

त्यांचा क्रूस आणि अंगठी त्या कापडी पिशवीत होती. तिथंच हात धुऊन त्यांनी ती घातली. मिस्सेला, म्हणजे त्यांच्या मोठ्या प्रार्थनेला, उंच टोपी घालून, हातात दंड घेऊन आत आले तेव्हा मागच्या दारातून गुलाबबाईचा आवाज आला, "अगो बाय, ह्यो तर आपला कांदेवाला."

पूर्ण मिस्साभर मी माफीचं एकच वाक्य घोकत होतो: अजाणता अपराध झाला, क्षमा करावी. जेवणानंतर लोक रांगेने त्यांना भेटत होते. मीही उभा राहिलो. पुढे पोचलो, मान वर केली आणि त्यांचे डोळे दिसले. दिवसभर कालवूनही मला न सापडलेला तपकिरी रंग होता तो, कडेला किंचित मध. झालं, मी पुन्हा गेलो. पंख्याचा आवाज लांब गेला. वाक्यही गेलं. तोंडातून आलं, "रस्सा फार छान झालाय."

"रस्सा अंथोनीचा," ते म्हणाले. "कांदे माझे."

त्यांनी हात पुढे केला. मी अंगठीला ओठ लावले. साबणाने धुतला असला तरी त्या हाताला कांद्याचा वास होताच, आणि कशानं कोण जाणे, माझ्या डोळ्यांना धार लागली. थांबेचना.

मागून एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "बघ गो, काय भक्ती हाय या माणसाची."

मी मान खाली घातली आणि तीच भक्ती चेहऱ्यावर ठेवून हळूच बाहेर सटकलो.