पलंगाखाली धरलेला दाब

मालिशवाल्या मावशींनी तीस वर्षं माणसांच्या पाठी चोळल्या होत्या, पण भाचीच्या कुत्र्यासाठी जमिनीवर आडवं पडायची ही पहिलीच वेळ. शेजारची इमारत पाडायचं यंत्र सकाळपासून धडधडत होतं. घाबरलेल्या कुत्र्यानं दार ओरबाडून नखं रक्तबंबाळ करून घेतली होती आणि आवरायला गेलेल्या तिला दात लावून तो पलंगाखाली शिरला होता.

“मावशी, हात नको घालूस गं! डॉक्टर संध्याकाळी येतायत.”

“तोवर हा जीव टाकेल. तू गप्प बस.”

कुत्र्यानं दात विचकले. मावशींनी पलंगाखाली सरकवलेला हात मागे घेतला नाही. आधी तो त्याला हुंगू दिला, मग दोन भुवयांच्या मधोमध एक बोट टेकवून हलकेच दाबून धरलं. गुरगुर वाढली. यंत्र पुन्हा धडधडलं, तसा कुत्रा थरथरला, पण चावला नाही. मावशींनी दुसऱ्या हातानं त्याच्या कानाचं मूळ चिमटीत धरलं. खांदा भरून आला, तरी त्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं कुत्र्यानं सुस्कारा टाकला आणि हनुवटी त्यांच्या मनगटावर ठेवली.

“झोपला का गं?” भाचीनं दबक्या आवाजात विचारलं.

“नाही. पण पंजे धुऊ देईल आता. कोमट पाणी आण.”