मापुचे बाई मानकोलीला आल्या तेव्हा

मानकोलीजवळच्या कातकरी वाडीत मी अंगणवाडी चालवायचे. आदिवासींच्या एका परिषदेसाठी मुंबईत आलेल्या चिलीच्या बाईंना वाडी दाखवायचं काम म्हणूनच माझ्याकडे आलं. त्या मापुचे होत्या, तिकडच्या मूळच्या लोकांपैकी. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझं त्याहूनही थोडं कच्चं.

वाडीतल्या सगळ्यात वयस्क मावशींनी त्यांना कोरा चहा दिला आणि मला म्हणाल्या, "हिला जमीन हाय का, इचार."

बाई म्हणाल्या, "होती. सरकारनं काढून घेतली. मग कंपन्यांनी पाइनची जंगलं लावली, आमचे झरे आटले. परत मागायला गेलो की पोलीस येतात. माझा भाऊ अजून तुरुंगात आहे."

मी ते मराठीत सांगितलं. मावशी उठल्या, बाईंचा हात धरून चालू लागल्या, आणि वाडीला लागून असलेल्या गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीपाशी थांबल्या.

"माझा घरवाला आत हाय," त्या म्हणाल्या.

"इथे कामाला आहेत?" बाईंनी विचारलं.

मला सांगावं लागलं, की वाडी आपली माणसं जिथे पुरायची, ती जागा या गोदामाखाली गेली. सातबाऱ्यावर वाडीतल्या कुणाचं नाव कधी लागलंच नव्हतं.

बाईंनी चपला काढल्या. भिंतीवर तळहात ठेवून त्या आपल्या भाषेत हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिल्या. मावशींनी अर्थ विचारला नाही. शेवटी वॉचमन आला. "इधर मत खड़े रहो, गाड़ी लगेगी."

निघताना मावशींनी विचारलं, "तुमची जमीन गावली का परत?"

"थोडी. पण तोवर आई गेली होती."

पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला वाडीच उठवली. मावशी काल्हेरला मुलीच्या खोलीवर गेल्या आणि थंडीत वारल्या. जावयानं आसपासच्या गावांत विचारून पाहिलं, पण परक्या माणसाला पुरायला जागा द्यायला कुणी तयार होईना. शेवटी सरकारी स्मशानात दहन केलं.

"आयला मातीत जायचं व्हतं," मुलगी म्हणाली. "बाकी काय मागितलं न्हाय तिनं."

आम्ही दोघींनी राख खाडीत सोडली. मुलीला गोदामात दुपारची शिफ्ट होती. ती तशीच ओल्या पदरानं ड्युटीवर गेली, आणि मी रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभी राहिले.