माझी जाड तार आणि बाबांची सुरमई

आमच्या घरात बेस गिटारच्या तारा उकडल्या जायच्या, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

कारण साधं होतं. बेसच्या तारा वाजवून वाजवून मळतात. बोटांचा घाम, तेल (आणि आमच्याकडे माशाचा हात) त्यांच्या वेटोळ्यांत जाऊन बसतो आणि आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा येतो. नवा संच मिळायचा तो थेट पणजीला, आणि पणजीला जायचं म्हणजे एक आख्खा दिवस मोडायचा. मग गरीब बेसवाला काय करतो? तारा काढतो, उकळत्या पाण्यात सोडतो, दहा मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढतो आणि वाळत घालतो. महिनाभर त्या पुन्हा नव्यासारख्या बोलतात. ही युक्ती मला गोव्यातल्या एका म्हाताऱ्या वादकाने सांगितली होती. टोप स्वतःचा वापर, हे मात्र तो सांगायला विसरला.

"आज साराक लोखंडाचो वास कसो येता?" आई जेवताना विचारायची.

"बांगडोच तसो असतलो," मी ताटात बघून सांगायचो.

आमचं घर तारकर्लीच्या अलीकडे, समुद्राला चिकटून. बाबांची इंजिनाची लहान होडी. जाळं टाकायचे, पण जीव खरा गळावर. आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा, 'माडाखाली मेलडी' नावाच्या पाच जणांच्या बँडमध्ये बेस वाजवणारा. गावात तेव्हा मोबाईलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता, पर्यटक यायला लागले होते, आणि पर्यटकांना संध्याकाळी वाळूवर बसून गाणी ऐकायची असतात असा शोध रिसॉर्टवाल्यांना लागला होता. आमचे दिवस आले होते!

पण बाबांना एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. मी घरी आमच्या बँडची कॅसेट लावायचो, ते शेजारी बसून मान वाकडी करून ऐकायचे.

"ह्यात गाता तो गायक. ठोकता तो ढोलवालो. पेटयेसारखा वाजता ता बाबल्याचा. मगे तुझो आवाज खंयचो?"

"तो काय, खाली वाजता तो."

"खाली खंय?" म्हणत ते खरोखर टेबलाखाली बघायचे.

त्यांची चूक नव्हती. बेस कॅसेटवर ऐकायचा नसतोच. आमच्या टेपरेकॉर्डरच्या पोह्याच्या बशीएवढ्या स्पीकरमधून तो बाहेर पडेपर्यंत त्याचा डास झालेला असतो. बेस समोर उभं राहून ऐकावा, आणि तोही कानाने नव्हे. तो तळव्यातून वर चढतो, पोटऱ्यांतून पोटात येतो आणि तिथे बिऱ्हाड करतो. माझ्या आवडत्या बँडांबद्दल कुणी विचारलं की लोकांना मोठमोठी नावं अपेक्षित असतात. माझा पहिला आवडता बँड म्हणजे म्हापशाजवळच्या एका चर्चच्या फेस्ताला ऐकलेले सात म्हातारे. त्यातला बेसवाला खुर्चीत बसून वाजवत होता, तीन तासांत त्याची फक्त दोन बोटं हलली, आणि समोर अख्खं गाव नाचत होतं. दुसरा आवडता बँड आमच्या जत्रेतला दशावतार. मृदंगाच्या डाव्या बाजूला कणीक थापून तो बुवा जी थाप मारतो ना, तोच माझा पहिला बेस. राक्षस रंगमंचावर येण्याआधी तो माझ्या पोटात आलेला असायचा. तिसरा नंबर गणपतीतल्या बेंजो पार्टीचा. त्यांच्याकडे बेस नसतो, पण उत्साह एवढा की बेसची आठवण होत नाही, आणि हे एका बेसवाल्याने कबूल करणं सोपं नाही.

या प्रेमापायीच पुढचा घोळ झाला.

बाबांच्या डोक्यात त्या मोसमात एक सुरमई बसली होती. खडपाच्या बाहेर एका ठरावीक जागी ती गळाला लागायची आणि दरवेळी गळाच्या वरची बारीक तार दातांनी तोडून निघून जायची. तीनदा असं झालं. सुरमईचे दात म्हणजे कात्रीच, नायलॉन तर ती दोऱ्यासारखा कापते. चौथ्या खेपेआधी बाबांनी मला बांद्याच्या बाजारातून जाड, न तुटणारी तार आणायला सांगितली.

मी बांद्याला गेलो. दुकानाच्या शंभर पावलं अलीकडे एका उद्घाटनासाठी मांडव घातला होता आणि गोव्याचा एक बँड वाजवायला सुरुवात करत होता. मी म्हटलं, एक गाणं ऐकू. बेसवाला डावखुरा होता. डावखुरा बेसवाला मी आयुष्यात पाहिला नव्हता! तीन तास मी त्यांच्या स्पीकरच्या मोठ्या खोक्यासमोर उभा राहिलो, शर्ट छातीवर धडधडत होता, आणि भानावर आलो तेव्हा दुकान बंद आणि शेवटची एस्टी निघायच्या बेतात.

"तार हाडलंस काय रे?" बाबांनी विचारलं.

"फुडच्या खेपेक."

पुढच्या खेपेलाही विसरलो. त्यानंतर आला तो शनिवार. रविवारी संध्याकाळी पाच वाजता रिसॉर्टच्या अंगणात आमचा तोवरचा सर्वात मोठा कार्यक्रम होता, म्हणून मी सकाळीच चारही तारा उकडून मागच्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. त्याच दोरीवर बाबांचे गळ, नायलॉनची भेंडोळी आणि आईचे सुकवायला लावलेले बांगडे लटकत असत. संध्याकाळी बाबा समोर येऊन बसले. चेहरा असा, की मी टेप बंद केला.

"उद्या मी तुझ्या कार्यक्रमाक येतंय," ते म्हणाले. "आयकतंय. तुझो आवाज माका आयकाक इलो तर बरा. फुडे कधी इचारूचंय नाय. नाय इलो, तर सोमवारसून माझ्या वांगडा होडयेर चल. मी एकटो आता दमतंय."

ते दमतात हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. मला एकदम वाईटही वाटलं आणि भीतीही. मला होडी लागते. मच्छीमाराचा मुलगा असून मला होडी लागते, हे आमच्या वाडीत फक्त मला, आईला आणि उलट्या झाल्या त्या दोन टोपल्यांना माहीत होतं.

"बरा," मी म्हटलं.

"आणि तार?"

आता या घडीला तिसऱ्यांदा 'विसरलो' म्हणायची माझी छाती झाली नाही.

"हाडलंय," मी म्हणालो. "भायर आसा."

उद्याचं उद्या बघू, असा माझा विचार होता. बाबांचा विचार पहाटे निघायचा होता.

सकाळी आठ वाजता मी दोरीजवळ गेलो. बांगडे होते. तीन तारा होत्या. सर्वात जाड, चौथी तार नव्हती.

"आये, हंय जाडी तार होती ती खंय गेली?"

"तुझ्या बाबान नेल्यान," आई केर काढत म्हणाली. "काय खूश होतो! झिलान एकदा तरी सांगितलला आयकल्यान म्हणान सांगत होतो. तार बघ कशी हाडल्यान, टोकाक मणी पण आसा म्हणालो."

मण्याचंही त्यांना कौतुक वाटलं होतं. बेसच्या तारेच्या टोकाला भोक असलेला पितळी मणी असतो, गिटारला अडकवायला. बाबांनी त्या भोकातच गळ अडकवून बांधला होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की रविवार आहे, पणजीचं दुकान बंद आहे, जिल्ह्यात दुसरा बेस नाही, आणि ज्या एका तारेवर मी बाबांना माझा आवाज ऐकवणार होतो ती तार घेऊन बाबा स्वतः समुद्रात गेले आहेत.

मी किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. बाबा एरवी बाराला परत यायचे. बारा वाजले. एक वाजला. बाबल्या सायकल मारत आला. बाबल्या म्हणजे आमचा कीबोर्डवाला आणि बँडचा मालक, कारण रिसॉर्टवाल्यांशी ओळख त्याची होती.

"तालमीक येतस मां?"

"तार नाय."

"खंय गेली?"

मी समुद्राकडे बोट दाखवलं. बाबल्याने समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी बेस सोडून दुसरं काही घेतो का, याचा अंदाज घेण्यासाठी जवळ येऊन वास घेतला.

साडेतीनला होडी दिसली. बाबा उभे होते. बाबा होडीत कधीच उभे राहून येत नाहीत. वाळूवर लोक जमायला लागले, आणि होडी टेकल्यावर चौघांनी मिळून जी सुरमई बाहेर काढली ती मी आजही हाताने दाखवतो तेव्हा लोक माझे हात जवळ आणतात. एवढी होती! आणि तिच्या तोंडातून, मासळीच्या चिकटाने चकचकीत, माझी चौथी तार बाहेर लोंबत होती.

"माझ्या झिलाची तार!" बाबा भेटेल त्याला सांगत होते. "बांद्यासून हाडल्यान. दीड तास खेचत होती, पण तुटली नाय. झिलाक माल कळता."

लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. होड्या हाकून म्हाताऱ्या झालेल्या तांडेलाने माझा हात हातात घेतला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं त्यांनी मी दहावी पास झालो तेव्हाही पाहिलं नव्हतं. (तेव्हा काठावर पास झालो होतो, ही गोष्ट वेगळी.) गप्प राहिलो असतो तर जन्मभर मान मिळाला असता. पण घड्याळात पावणेचार झाले होते.

"बाबा, ती तार माझ्या गिटाराची."

बाबांचा हात सुरमईवरच राहिला.

"आणि बांद्याची?"

"बांद्याची हाडूकच नाय. खोटा बोललंय."

बाबांनी तारेकडे बघितलं, सुरमईकडे बघितलं. मग गुडघ्यावर बसले, तिच्या जबड्यात लाकडाचा तुकडा अडकवला आणि अगदी हळू, काटा काढावा तसा, गळ सोडवला. तार समुद्राच्या पाण्यात खळबळून माझ्या हातात दिली.

"मी हिच्यार सुरमई काढलंय," ते म्हणाले. "आता तू वाजव. बघूया तुका काय मिळता."

पाच वाजता मी उभा होतो. तार तीन ठिकाणी वाकलेली, एका जागी दातांचे व्रण, आणि वास असा की आमच्या गायकाने माइक उचलून दोन पावलं पलीकडे नेला. पहिल्या रांगेत धुतलेला शर्ट घालून बाबा, शेजारी आई, मागे मुंबई-पुण्याचे पर्यटक. पहिलं गाणं सुरू झालं आणि तार वाजली. काय वाजली! उकडलेली, समुद्राच्या पाण्यात बुचकळलेली ती तार अशी घुमली की माझे स्वतःचे तळवे झिणझिणले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीखाली बघत होते.

दुसऱ्या गाण्याला पहिलं मांजर आलं. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातलं, तपकिरी. ते सरळ चालत आलं आणि माझ्या पायाशी बसून गिटारकडे भक्तिभावाने बघू लागलं. मग दुसरं आलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत पाच झाली. लोक फोटो काढत होते, माझे नाही.

"मेल्या, मांजरां हाकल," बाबल्या वाजवता वाजवता दात खाऊन म्हणाला.

"पायान हाकललंय तर ताल चुकता."

तपकिरी मांजर मागच्या पायांवर उभं राहिलं. पुढचे पंजे माझ्या पँटवर रोवून त्याने तारेकडे नाक नेलं. मी गिटार वर उचलली, हात आवळला गेला, बोट जोरात पडलं, आणि सुरमईच्या दातांचे व्रण होते बरोबर त्याच जागी तार तुटली.

बाकी चौघे वाजवतच राहिले. गायक गात होता, पर्यटक डोलत होते. सत्तर-ऐंशी माणसांपैकी एकाच्याही मानेची हालचाल बदलली नाही. बारा वर्षांची माझी साधना बंद पडली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मी मनातल्या मनात सोमवारची होडी बघितली, टोपलीही बघितली.

आणि पहिल्या रांगेतून बाबा उठून उभे राहिले.

"काय रे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बंद कित्याक पडला?"

गाणं अडखळलं. सगळे वळून बघायला लागले. आई त्यांचा शर्ट ओढत होती, पण त्यांना कुणाचीच पर्वा नव्हती. ते हात पोटावर ठेवून उभे होते.

"हंय वाजत होता," ते म्हणाले. "पायाखालसून येत होता. होडयेचा इंजिन बंद पडता तसा झाला. चालू आसता तवसर कोण बघणा नाय, बंद पडला काय सगळे उठान उभे रवतत."

प्रत्यक्षात एकटेच उठले होते, पण मला तेवढं पुरे होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी मासळीच्या वासावर ढकललं. उरलेला कार्यक्रम मी तीन तारांवर वाजवला. बाबा शेवटपर्यंत पोटावर हात ठेवून बसले होते. मांजरंही शेवटपर्यंत बसली होती.

सोमवारी बाबा एकटेच गेले. जाताना मला उठवून म्हणाले, "सुरमईन खेचल्यान दीड तास, तुटली नाय. तुझ्या हातात तीन गाण्यांत तुटली. हात हलको ठेव जरा." त्या आठवड्यात मी पणजीला गेलो आणि दोन संच आणले, एक गिटारला, एक होडीला.

आजही कुणी त्यांना विचारलं, की तुमचा मुलगा बँडमध्ये नेमकं काय वाजवतो, तर ते क्षणभर विचार करून सांगतात, "ता माका नीट सांगूक येणा नाय. पण थांबलो काय कळता." एवढ्या वर्षांत माझ्या वादनाला मनापासून दाद देणारे ते एकटेच श्रोते. मांजरं धरली, तर सहा.