दोरा अंगठ्याला

तूप कढवलं की त्या वासासरशी मला माझ्या पुतणीचे फुटलेले ओठ आठवतात. जानेवारी होता, आणि नाशिकची थंडी काय सांगायची! सकाळी पंचवटीत विकायला शेवंतीच्या वेण्या लागायच्या, म्हणून आम्ही दोघी संध्याकाळी ओट्यावर त्या गुंफत बसायचो. सव्वीस जानेवारीला शाळेच्या बँडमध्ये बिगुल तीच वाजवणार होती, पण आठ दिवस आधी ओठ असे फुटले की फुंकलं की रक्त. बाई म्हणाल्या, "बरे झाले नाहीत तर बिगुल दुसरीला." पोर रडकुंडीला आली. "काकू, लय आग होते गं," म्हणायची आणि ओठांवर जीभ फिरवायची. "जीभ आत ठेव! चाटून आणखी फुटतात," असं मी दटावलं, आणि तेवढ्यात बघते तर भिजवलेल्या दोऱ्याचं टोक तिच्या ओठांत! रोज संध्याकाळी ओला दोरा ओठांत धरायचा, ही सवय लावली कोणी? मीच की! माझ्याही तोंडात दोराच होता. त्याच क्षणी दोघींचे दोरे पायाच्या अंगठ्याला बांधले. मग ओठांना दिवसातून चारदा साजूक तूप, शाळेत जाताना तोंडावर रुमाल. पाचव्या दिवशी ती पोटभर हसली तरी रक्त आलं नाही. आणि सव्वीसला बिगुल असा घुमला, की बाईच आधी टाळ्या वाजवायला लागल्या! आता ती अंबडला नोकरी करते. थंडी पडली की हटकून फोन येतो, "काकू, दोरा कुठंय?" मी ओरडते, "अंगठ्याला!"