फळ्यावर उरलेलं पद

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून एक ज्येष्ठ प्राध्यापक संभाजीनगरला आले होते. डस्टर समोर असूनही ते शर्टाच्या बाहीनं फळा पुसत होते.

"विश्वाच्या घनतेतले हे चढउतार खरे आहेत, की तुमच्या मोजण्याच्या चौकटीमुळं दिसतायत?" त्यांनी मला विचारलं.

चौकट बदलली तरी माझं उत्तर बदलत नाही, हाच तर प्रबंधाचा दावा होता. त्यांनी फळ्यावर चौकट बदलली. समीकरणातली पदं एकेक करून कटली, पण एक उरलं, म्हणजे उत्तर बदललं. माझ्या गाइडनी मान खाली घातली.

मी म्हणाले, "सर, चौकट बदलताना पहिल्या क्रमात होणारा बदल दुसऱ्या, आणखी बारीक क्रमातही येतो. तो मांडायचा राहिलाय."

त्यांनी तो मांडला. उरलेलं पद गेलं. खडू हातातच धरून ते पुढच्या बाकावर बसले.

"पोरी," ते हळू म्हणाले, "इतकी वर्षं वर्गात मी हा बदल सोडूनच शिकवलं की गं."