एकच हाक

मानमोडी तापाच्या साथीत लोणावळ्याच्या चार शहाण्यांनी मदत मंडळ काढलं. डॉक्टर होता, औषधं होती, रोग्यांना न्यायला बैलगाडी होती. नव्हता तो गावकऱ्यांचा भरवसा. ते काम आमच्या कान्हे गावच्या धोंडाबाईनं अंगावर घेतलं. बाई तोंडाची फटकळ. "दवाखान्यात मारत्यात म्हनं! हितं काय जगवताय?" असं म्हणत भल्याभल्यांना गाडीत बसवायची.

साथीच्या घरात शिरायला मंडळाची मनाई होती. दाराबाहेरून हाक मारायची, घरच्यांनी रोग्याला गाडीपाशी आणायचं. हाक मात्र तीनदा मारावी लागे. एकदाच येते ती मेलेल्याची, तिला ओ दिली की माणूस गेला, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. आणि त्या दिवसांत मेलेल्यांना काय तोटा!

धोंडाबाईची धाकटी बहीण सरुबाई लोहगडवाडीला दिलेली. अख्खी वाडी करून धोंडाबाई तिच्या दाराशी पोचली तेव्हा दिवस मावळला होता, खाली भाजे गावात गाडी खोळंबली होती आणि घसा पार बसला होता. "सरू!" तिनं एकदाच हाक मारली. सख्ख्या बहिणीला का आपला आवाज ओळखू येणार नाही? आतून ओ आली नाही. दार लोटलेलं, दिवा नाही. साथीला भिऊन कितीतरी घरं रानात झोपड्या घालून राहिली होती. हीसुद्धा गेली असतील, असं समजून ती खाली उतरली. तिला जरा हायसंच वाटलं.

दोनचार दिवसांनी सरूचा नवरा कोंडाजी कान्ह्याला आला. धोंडाबाईला बघून तो दारातच थबकला.

"आक्का, तुमी हाय?" मग मटकन खाली बसला. "सरू गेली."

"कुटं व्हता तुमी? मी आलते की!"

"घरातच व्हतो. ती तापानं फणफणलेली. तुमची हाक आली, मी उठलो, तर तिनं माजं तोंड दाबलं. म्हनली, ओ देऊ नगा, आक्का गेली. दुसऱ्या हाकंची आमी लय वाट बघितली. मग तुमच्यासाठीच रडत रडत गेली."

मंडळाचं काम धोंडाबाईनं सोडलं नाही. पण तिन्हीसांजेला आमच्याशी बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि लोहगडाकडे तोंड करून मोठ्यांदा ओ द्यायची. आमच्या अंगावर काटा यायचा. एकदा न राहवून मी तिचा हात धरला, "मावशी, दुसरी हाक तर येऊ द्या."

तिनं हात झटकला.

"अन् तवर ती निघून गेली तर?"