मी विलासच्या पुस्तकांवर जळायचो

काल विलास मेला, आणि मी अजूनही त्याच्यावर जळतो.

हिवरखेडचे दोस्त शिव्या देतील. द्या.

कावीळ झाली, अकोल्याला नेलं, पाच दिवसांत सगळं संपलं. वय एकतीस. माझंही तेच.

मी इथं गुजरातेत, मोरबीला टाइल्सच्या कंपनीत, भट्टीवर. फोन आला तेव्हा ड्यूटीवरच होतो. लगेच निघालो असतो तरी मातीला पोचलो नसतो.

सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा फोटो. "ज्ञानाचा सागर हरपला."

सागर? अरे, एका बाकावर बसून दोघं दहावी नापास झालो होतो. गणित आणि इंग्रजी. विषयसुद्धा तेच.

मग मी वडिलांसोबत, आबासोबत मळ्यात भाजीपाल्याला लागलो आणि तो अकोल्याला, रद्दीच्या दुकानात तराजूवर. रोज एसटीनं येणं-जाणं.

तिथं त्याला नाद लागला. रद्दीत आलेली पुस्तकं मालकाला विचारून घरी आणायचा. गोष्टी-कादंबऱ्या नाही. नुसती माहितीची. अन् कशाचा कशाला मेळ नाही.

मधमाश्या. दातांची निगा. जहाज कसं बांधतात. साबण. ग्रहणं. माणसाची हाडं.

एक तर आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचं. ते तो पानटपरीवर सांगायचा. दीडशे वर्षांआधी अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडकला, अन् अकोला-अमरावतीच्या कापसाला असा भाव चढला की लोक ज्वारी सोडून कापूसच पेरत सुटले. मग लढाई थांबली आणि भाव धाडकन खाली.

सगळे पान चघळायचं विसरून ऐकत. माझे आबा सगळ्यांत पुढं.

"मंग आपले बुढे काय करत होते गा तवा?"

"तुमचे बुढे वांगे लावत होते, आबा. लोकायच्या घरात कापूस होता, तुमच्या घरात भाजी होती!"

आबा इतके हसले की डोळे पुसावे लागले. माझ्या कुठल्याच बोलण्यावर ते तसे हसलेले मला आठवत नाहीत.

नंतर मी त्याला गाठलं. "आमच्या बुढ्यायचं पुस्तकात लिवलं हाये काय बे?"

"नाई. पण आबाले बरं वाटलं ना."

हेच. हेच मला सहन व्हायचं नाही.

आबाचा दात दुखला की विलास. विहिरीचं पाणी गढूळ आलं की विलास. मी समोर बसलेला असायचो, तरी, "विलास आला काय रे अकोल्याहून?"

एका वर्षी आम्ही कोहळे लावले. लाल भोपळा हो, आमच्याकडं कोहळंच म्हणतात. वेल फुलावर आला तसा विलास आबाला म्हणाला, "फवारा संध्याकाळी मारजा. सकाळी फुलात मधमाश्या असतात. त्या मेल्या तं फळ धरत नाई."

आमच्याकडं फवारणी म्हणजे सकाळी, ऊन चढायच्या आत. मी पंधराव्या वर्षापासून पाठीवर पंप घेतलेला. अन् तराजूवरचा माणूस मला शिकवणार?

आबा तेल्हाऱ्याला गेले त्या दिवशी मी सकाळी आठला पंप भरला. फुलं उघडी होती. माश्या होत्या. मला दिसत होत्या.

मारला.

आठवड्यात कळ्यांमागचे छोटे कोहळे पिवळे पडून गळायला लागले. आबा बांधावर डोक्याला हात लावून बसले.

विलास आला. वाकून पानं उचलली. खाली मेलेल्या माश्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आबाकडं.

"यंदा हवाच तशी हाये, आबा. काई नाई, आपण हातानं करू."

दहा दिवस तो पहाटे मळ्यात आला. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फुलाला आतून टेकवायचं. मग तिथूनच एसटी पकडायचा. आबा त्याच्यासोबत वाफ्यात, लग्नातले बामण असल्यासारखे. "हे घे पोरी, नवरदेव आणला तुले!" दोघंही खिदळायचे.

"ये ना बे गज्या," विलास हाक मारायचा.

मी मोटर चालू करायच्या निमित्तानं विहिरीवर जायचो.

कोहळे आले. भरपूर आले. बाजारात आबा गिऱ्हाइकाला सांगत होते, "हे आमच्या विलासचे कोहळे."

आमच्या विलासचे.

पुढच्या महिन्यात मी मोरबीला निघालो. स्टँडवर विलास सोडायला आला. मी विचारलं, "सांगतलं काऊन नाई आबाले?"

"सांगून वेलाले कोहळे लागले असते काय? तुले सांगायचं असन तं तू सांगजो."

सात वर्षं झाली. सांगितलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त जळलो तो यासाठी.

आज सकाळी आबांचा फोन. विलासच्या आईनं त्याच्या पुस्तकांची पेटी आमच्याकडं पाठवली. आबांनी ती माझ्या खाटेवर ठेवली.

मी म्हटलं, "तुमाले तं वाचता येत नाई."

ते रडत म्हणाले, "तू आला की मले वाचून दाखवजो. आता तूच हायस."

सात वर्षं हेच ऐकायचं होतं. अन् ऐकल्यावर ही पोस्ट लिहायला बसलो.

ताई, तू माहेरी गेलीस की ही पोस्ट आबाला वाचून दाखव. पूर्ण. मधलं गाळू नको.

आबा, हवा नव्हती. फवारा मी मारला होता. माश्या दिसत असताना मारला. विलासला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दिवाळीला येतो. हे ऐकल्यावरही तुम्ही म्हणालात तर वाचीन, अडखळत वाचीन.

विलास, माझा रामराम घे. माझ्याहून चांगला होतास. जा.